अम्मीचे पूर्ण रोजे

१८ फेब्रुवारी
चाँद दिसला, उद्यापासून रोजे. आणि मी घरी बसून ज्यांची ॲप तपासून देते, त्या धुळ्याच्या ऑफिसातून आजच दिपमाला मॅडमचा फोन. म्हणे पाळीचं ॲप तपासायचंय, पुढची तारीख बरोबर सांगतं का ते बघायचं. खोट्या तारखा पुष्कळ टाकून झाल्या, आता घरच्या बायकांच्या खऱ्या टाक, विचारून. आमच्या घरात बायका दोनच — मी आणि अम्मी.

मला विचारायचीच लाज. तिने डाळ निवडता निवडता सगळं सांगून टाकलं! गेल्या वर्षापासून तिचं पार बिघडलंय. कधी दोन-दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत हजर. वयच झालंय तसं. मॅडम खूश, त्यांना अशीच कोणीतरी हवी होती.

१९ फेब्रुवारी
ॲप म्हणतं, अम्मीची २६ फेब्रुवारी, माझी ५ मार्च. अम्मीला सांगितलं. म्हणाली, पाळी सुरू झाल्यापासून एकही रमजान सलग नाही झाला. पाळीत रोजा धरता येत नाही, दरवर्षी मधले सुटतात, मग ईदनंतर एकटीने भरून काढायचे. एकदा तरी पूर्ण व्हायला हवे होते गं, म्हणाली.

बस. या वर्षी होऊ देत. मी दुआ मागणार. (अम्मी बोदवडच्या उर्दू शाळेतली, मराठी वाचत नाही. म्हणून इथे बिनधास्त लिहिते.)

२७ फेब्रुवारी
ॲप नापास! काल काही नाही, आज काही नाही. पहाटे सहरीच्या जेवणाला उठल्या उठल्या अम्मीचं पहिलं वाक्य — "क्या बोलता तेरा मोबाइल?" म्हटलं, आता ४ मार्च म्हणतो. नुसती हं म्हणाली. बिचारी धास्तावलीय.

५ मार्च
माझी आली. माझ्या बाबतीत ॲप भलतंच हुशार.

दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून चहात नानखटाई बुडवली. अब्बा आणि माझा भाऊ हसीब यांच्या समोर खायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. सहरीलाही सगळ्यांबरोबर उठायचं, दिवसभर रोजा असल्यासारखं तोंड करायचं. अब्बांना कळत नाही थोडंच! शिलाईच्या दुकानातून घरी येताना नानखटाईचा पुडा तेच आणतात. आणि रमजानात दुपारी बोळातून येताना दोनदा खोकतात.

दरवर्षी आम्ही दोघी एकदमच असायचो. वास जाऊ नये म्हणून कांद्याशिवाय काहीतरी करायचं, पाटावर बसून गपचूप खायचं. हसू आवरता आवरायचं नाही. आज ती रोजा धरून समोर बसली, मी खात होते ते बघत. चांगली आहे का, विचारलं. मला कसंतरीच झालं. पण तिचे रोजे चालू आहेत, हे फार बरं वाटलं.

१० मार्च
आज ॲपने अम्मीला विचारलं — उशीर झालाय, गर्भधारणेची चाचणी केली का? मी वाचून दाखवलं. ओढणी तोंडात कोंबून हसली बाई! मी रिपोर्टात लिहिलं, आधी वय बघा, मग बोला. मॅडमची शाबासकी.

१४ मार्च
नवीन तारीख २ एप्रिल! म्हणजे ईद होऊन जाईल. धावत जाऊन सांगितलं, अम्मी, पूर्ण होणार तुझे. ती मटार सोलत होती. "पक्का?" म्हणाली, आणि दाणे सोडून सालंच पातेल्यात टाकायला लागली. आनंदाने भान राहिलं नसेल.

१९ मार्च
आज चाँद नाही दिसला. म्हणजे उद्याचा एकच रोजा राहिला. झोपताना अम्मीने पुन्हा विचारलं, क्या बोलता. म्हटलं, तू निश्चिंत झोप.

२० मार्च
दुपारी स्वयंपाकघराचं दार आतून बंद. हसीब असेल म्हणून जोरात ठोठावलं. अम्मीने उघडलं. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात नानखटाई.

शेवटच्या रोज्याला! मला रडूच फुटलं. तिने मला आत ओढून दार लावलं. हसत होती.

"रो मत. रोजा तो बाद में रख लूँगी. मेरे को लगा था अब आएगाच नहीं. बुढ्ढी हो गई मैं."

महिनाभर रोज विचारत होती. वाट बघत होती ती, आणि मी येडी तिला निश्चिंत राहा सांगत होते!

मी रोजा धरून समोर बसले. चांगली आहे का, विचारलं. तेवढ्यात बोळात अब्बा दोनदा खोकले.