सोसायटीसाठी गुशेशे

४ फेब्रुवारी, शनिवार

शी! दोनदा अंघोळ केली तरी केसांतून जळक्या रबराचा वास जात नाही.

आज म्होलो मास्तरांना माती दिली. चाळीस वर्षं आमच्या कात्लेहोंग वस्तीतल्या पोरांना गणित शिकवलं त्या माणसानं. आणि शेवटी वाट्याला काय? शवपेटी अजून खाली ठेवतात न ठेवतात तोच भाड्यानं आणलेली गुशेशे गाडी तिच्याभोवती गरागरा फिरायला लागली. दारं उघडी, एक टोणगा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबतोय, काळा धूर. मास्तरांची बायको खोकून खोकून बेजार. आणि लोक टाळ्या वाजवतात! शिट्ट्या मारतात! नंतरच्या जेवणात मोगोडूची वजडी आणि डोंबोलोचे वाफवलेले पाव होते. एरवी मी दोनदा वाढून घेतो. आज ताट तसंच ठेवून आलो.

वाईट त्या गाडीचंही वाटतं. चौकोनी, दोन दारांची, तीस-पस्तीस वर्षांची म्हातारी, पण काय पळायची! माझ्या गॅरेजात मी ह्या गाड्यांची इंजिनं उतरवली, चढवली. आणि आता तिला घाण्याच्या बैलासारखी एका जागी फिरवायची. म्हणे सन्मान!

५ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीची सभा. आम्हाला एक गुशेशे विकत घ्यायची आहे.

होय. आम्हाला. अंत्यविधी सोसायटीला. पेटी, तंबू, खुर्च्या, पातेली आणि आता धूर. अध्यक्षीण मा-झोंडो म्हणाली, पलीकडच्या सेक्शनातली सोसायटी मयताला गाडी फुकट फिरवून देते, आपली अकरा तरुण नावं तिकडे पळाली. मी उठलो. म्हणालो, मेलेल्या माणसाला धूर कशाला हवा?

ती म्हणाली, "मेलेला काही म्हणत नाही, ताते. वर्गणी जिवंत माणसं भरतात. आणखी दहा जण गेले की तुम्हाआम्हाला पुरणार कोण?"

सगळे हात वर. म्हाताऱ्यांचेसुद्धा! वर आणखी — गाडी पारखायची कुणी? तर मोटाउंग तातेंनी, म्हणजे मीच. मी 'घ्या' म्हणालो तर घ्यायची, 'नको' म्हणालो तर नाही. विश्वास आहे म्हणतात. विष्ठेचा वास घेऊन 'ताजी आहे' असं सांगायचं काम दिलंय मला.

७ फेब्रुवारी

बहीण आली होती, डिकेलेडी. केयाचं, माझ्या लेकीचं, लग्न ठरतंय. पंचवीस तारखेला मुलाकडची रादेबे मंडळी बोलणी करायला येणार. माझ्या फाटकाशी उभे राहतील, कुळाची नावं घेतील, आणि मी फाटक उघडायचं.

मी तिला सांगितलं, पोरीच्या अंगणातली ती लाल गुशेशे आधी विकली जाऊ दे. मग माझं फाटक उघडेल.

"दादा, वहिनीला जाऊन अडीच वर्षं झाली. पोटची पोर आहे."

होय, पोटची पोर आहे. म्हणून तर! भाड्याच्या टोणग्यानं केलं असतं तर दगड मारून हाकलला असता. माझ्या डिसेबोच्या पेटीभोवती तिच्या स्वतःच्या लेकीनं ती गाडी फिरवली. पेटीवर रबराचे तुकडे उडाले. मी हातानं झाडले. तेव्हापासून केयाशी एक शब्द बोललो नाही. बोलणारही नाही.

डिकेलेडी चहा न घेता गेली.

९ फेब्रुवारी

पहिली गाडी पाहिली. मालक म्हणाला, "आजीची होती ताते, फक्त चर्चला न्यायची." आजी काय चर्चच्या भिंतीला धडका देत होती? चुंबक लावला तर चिकटायलाच तयार नाही. दारभर पत्र्याऐवजी लांबी भरलेली, बोटभर जाड. मागच्या सीटवर कोंबड्यांची घाण. मालकानं माझ्यादेखत सीट पुसली आणि तोच हात मिळवायला पुढे केला.

११ फेब्रुवारी

दुसरी. पुढचा अर्धा एका गाडीचा, मागचा दुसऱ्या गाडीचा, मधे जोड! थू!

१३ फेब्रुवारी

तिसरीचा चेसिस नंबर कानशीनं घासलेला. चोरीची. घरी येऊन साबणानं हात धुतले.

१५ फेब्रुवारी

मा-झोंडोचा फोन. आणखी दोन नावं गेली. "ताते, तुम्ही नवरी शोधताय की गाडी?" मी म्हणालो, नवरी असती तर एवढी उचकटून पाहिली नसती.

चिडून ठेवला फोन. तिचं खोटं नाही, हेच जास्त लागलं.

१८ फेब्रुवारी, शनिवार

मध्यरात्र झालीय. तरी लिहितो.

चौथी गाडी लुंगा नावाच्या दलालाकडे होती, स्टेशनामागे. पांढरी. रंग नवा, पण खाली लपवाछपवी काही नाही. चुंबक सगळीकडे घट्ट बसला. इंजिन सुरू केलं — एका हाकेत. कुठे तेल नाही, गंज नाही. मला उगीच राग आला, दोष काही सापडेना म्हणून. हळू वळवली तेव्हा मागची चाकं उड्या मारायला लागली. म्हणजे फिरवायचीच गाडी. मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल वेल्डिंग करून जाम केलेलं, दोन्ही चाकं एकदम फिरावीत म्हणून. बहुतेक जण तिथं शेण फासल्यासारखं काम करतात. म्हटलं, आता सापडशील. जॅक लावला, तेल काढलं, मागचं झाकण उघडलं.

आतलं वेल्डिंग पाहिलं आणि तसाच पडून राहिलो.

टाके उलट्या दिशेनं गेलेले होते. डावखुऱ्या हाताचे. आणि प्रत्येक टाका संपताना थोडा मागे घेऊन तोंड बंद केलेलं, पुढे भेग जाऊ नये म्हणून. तसं ह्या भागात कुणी करत नाही. मी करतो. आणि चौदा वर्षांची असताना जिला मी मागच्या अंगणात, माझा मोठा मुखवटा डोक्यावर घालून शिकवलं, ती डावखुरी केया करते.

लाल गाडी पांढरी झाली होती, एवढंच.

लुंगा वर बसून शेंगा खात बडबडत होता. मी कोण ते त्याला ठाऊक नाही. "एका पोरीची आहे, ताते. हातची सोन्यासारखी गाडी विकतेय. का? तर बापाची अट! गाडी घालव, मग लग्नाला फाटक उघडीन म्हणतो. असला बाप! माझा असता तर डिकीत कोंबून चार फेऱ्या मारल्या असत्या!"

तो हसला. मीही हसलो. हसलो मी!

मग विचारलं, पोर काय म्हणाली?

"किल्ली देताना रडत होती. म्हणाली, ह्या गाडीनं मी आईला पोचवलं. मला भजन येत नाही, चार माणसांत बोलता येत नाही, बापानं शिकवलं तेवढंच येतं. तेच आईला दिलं." शेंगेचं टरफल फुंकलं आणि म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला कळायचं नाही ते. डोक्यात ग्रीस भरलेलं असणार."

झाकण बसवलं. एकेक बोल्ट. तेल भरलं. सोसायटीला कळवतो म्हणालो आणि निघालो. कोपऱ्यावर भिंत धरून ओकलो.

आज धुराची किळस नव्हती. तिनं आईच्या पेटीभोवती स्वतःचं सगळं कसब ओतलं आणि मी उभा होतो तुकडे झाडत. अडीच वर्षं झाडतोच आहे. स्वतःचा इतका वीट मला कधी आला नव्हता.

आता मी 'घ्या' म्हटलं की गाडी सोसायटीच्या शेडमध्ये जाईल. पोरीचं लग्न मार्गी लागेल. माझी अट पुरी होईल, नाक वर राहील. सोसायटीही जगेल. सगळ्यांचं भलं. फक्त केयाचे हात रिकामे.

१९ फेब्रुवारी, रविवार

सभेत उभा राहिलो. कागद आणला होता, पण वाचला नाही.

"गाडी उत्तम आहे. दहा वर्षांत अशी पाहिली नाही. पण विकाऊ नाही."

गलका! मा-झोंडोनं चष्मा काढला. "दलालाकडे उभी आहे, पाटी लावलीय, आणि विकाऊ नाही? ऊन लागलं का ताते?"

"माझ्या मुलीची आहे. मी तिला विकायला लावली. मी गाढव आहे."

डिसेबोच्या मातीला सगळेच होते. मग मा-झोंडोनं चष्मा पुन्हा चढवला.

"मग मुलीला सभासद करून घ्या की. गाडी कशाला विकत घ्यायची? बोलावू तेव्हा तिच्या मर्जीनं गाडी घेऊन येईल. पण आधी बापानं जाऊन विचारावं."

२० फेब्रुवारी

लुंगाला म्हणालो, किल्ली दे, पोरीकडे गाडी परत न्यायचीय, मी तिचा बाप. त्याचा चेहरा! "ताते, मी ते डिकीचं —" म्हटलं, बरोबर बोललास. दलाली घे आणि गप्प बस.

स्वतः चालवत नेली. प्रत्येक वळणावर मागून उड्या. बसथांब्यावरच्या बायका तोंडाला हात लावून बघत होत्या — मोटाउंग ताते, टाय लावून, गुशेशेत! केयाच्या दारापाशी वळताना बंद पडली. ती आवाज ऐकून धावत बाहेर आली. हात ओले, साबणाचे. गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं.

ती म्हणाली, "क्लच सावकाश सोडायचा, बाबा."

मी म्हणालो, "वेल्डिंग झकास आहे." आणि मला रडू फुटलं. स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. तिनं साबणाच्या हातानंच माझी पाठ थोपटली. शनिवारी फाटक उघडं राहील, असं निघताना सांगितलं. गाडी कुठे ठेवायची म्हणून विचारत होती. म्हटलं, असू दे इथंच.

२२ फेब्रुवारी

मा-झोंडोकडून माझं कार्ड मागून घेतलं. प्रत्येक सभासदाचं असतं, आपल्या मातीला काय हवं ते लिहून ठेवायचं. माझ्यावर लिहिलं होतं — 'दोन भजनं. साधी पेटी. धूर नको.'

शेवटचे दोन शब्द खोडले. त्या जागी लिहिलं — 'केया म्हणेल तसं.'