कोटाची आतली बाजू

गुरुवार, ९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि भावोजी बरे असाल. मीही बरी आहे. वेळेवर जेवते आणि उठल्यासुटल्या तोंडाला पावडर थापून घेते. आल्या दिवशीच सगळ्यांचे फोन काढून घेतले, म्हणून हे पत्र. इथल्या इस्त्रीवाल्या बाई उद्या सुट्टीवर आपल्या बाजूला निघाल्या आहेत, त्या तुझ्या हातात आणून देतील. त्यांना चहा पाज, बोलायला फार गोड आहेत.

आधी एक सांगते. रविवारी आमचा शिवणस्पर्धेचा कार्यक्रम लागेल, तो बघू नकोस. दुकानात टीव्ही लावून गिऱ्हाइकांना बोलवायचा बेत केला असशील तर रद्द कर. खरंच त्यात बघण्यासारखं काही नाही.

तुला वाटत असेल, आम्ही सगळे मशिनवर खडखडाट करत बसलोय. मशिनं आहेत, रांगेनं मांडलीत, पण त्यांचे पट्टे काढून ठेवलेत. आवाजामुळे बोलणं नीट रेकॉर्ड होत नाही म्हणे. आम्ही नुसता पायडल मारायचा आणि कापड पुढे सरकवायचं. खरं शिवणकाम भिंतीपलीकडे कारागीर करतात. आमच्यातल्या एका वकिलीणबाईला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि ती सगळ्यांच्या पुढे आहे! मॉडेल पोरी समोरून येतात आणि पाठ न दाखवता खेकड्यासारख्या बाजूनं सटकतात, कारण पाठीवर नुसत्या पिना असतात. भिंतीवर मोठं घड्याळ आहे, वेळ संपत आली की ते थांबवतात, आम्ही घामाघूम व्हायची तालीम करतो, मग परत चालू करतात. किती जाहिरात केली होती, आठवतं ना? आपण दोघी तोंडात बोट घालून बघत होतो.

तीन परीक्षक आहेत. त्यांनी आजवर एकही कपडा उलटा करून शिवण बघितली नाही. तू असतीस तर आधी तेच केलं असतंस.

उलटा केलेला कपडा त्यांनी बघितला तो एकच. तो मीच करून दाखवला. तेच सांगायचं आहे, आणि मघापासून मी मशिनचे पट्टे आणि घड्याळ सांगत बसले आहे.

गेल्या आठवड्यात आम्हाला घरच्या माणसासाठी एक कपडा करायला सांगितला होता. मी तुझ्यासाठी कोट केला. स्वतः कापला, आणि रुसून बसून स्वतःच शिवलाही, मशीन नाही तर नाही, हातानं. बाह्या अशा बसल्या होत्या की तू पसंतीची मान हलवली असतीस. परीक्षकांनी जांभया दिल्या. मधल्या सुट्टीत गोष्टवाली आली. इथे एक मुलगी आहे, तिचं कामच आमच्याकडून रडकथा काढायचं, म्हणून आम्ही तिला गोष्टवाली म्हणतो. ती म्हणाली, "कोट छान आहे गं, पण कोटाला कोण रडणार? आज तू जाणार बघ. काहीतरी आतलं दे."

आणि मी आतलं दिलं, ताई.

निघताना थंडी वाजेल म्हणून तू अंगातला करडा कोट काढून मला दिलास ना, तो मी खोलीतून आणला. सगळ्यांसमोर उलटा केला. अस्तर उसवलं, आणि उजव्या खांद्यातलं ते जाड पॅड काढून परीक्षकांच्या हातात दिलं. म्हटलं, माझ्या बहिणीचा हा खांदा लहानपणापासून उतरता आहे. इतकी वर्षं ती हे लपवत आली, सासरच्या गावाला माहीत नाही, गिऱ्हाइकांना माहीत नाही, तिनं स्वतःला असं कापून शिवून सरळ केलंय. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, असं नाही म्हणत. पण थांबलेसुद्धा नाही. शाळेत तुला 'तराजू' म्हणायचे, तेही सांगितलं.

परीक्षकांतली मोठी बाई डोळे पुसत होती. पॅड हातात धरून तिनं तो शब्द दोनदा म्हटला. टाळ्या पडल्या. मला पहिला नंबर मिळाला आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खोलीत येईपर्यंत झाला होता. आरशासमोर केस सोडताना एकदम तुझं बोलणं आठवलं. तू मला पहिल्यांदा टेप हातात दिलीस तेव्हा बजावलं होतंस, की एकीचं माप दुसरीच्या कानावर गेलं तर दुकान बंद करायचं. तुझं माप मी कुणाकुणाच्या कानावर घातलं, बघ.

दुसऱ्या दिवशी गोष्टवालीच्या पाया पडायची बाकी राहिले. एवढं काढून टाका म्हटलं. ती हसली. "अगं, ते काढलं तर भागात उरतं काय?" तेही खरंच आहे. आता त्या भागाचं नावच 'तराजू' ठेवलंय. जाहिरातीतही घेणार आहेत, कदाचित हे पत्र पोचायच्या आत कुणीतरी तुला दाखवलेलंही असेल. दाखवलं असेल तर मी वर केलेल्या सगळ्या बडबडीचा तुला राग येईल. येऊ दे.

अजून एक राहिलंय, आणि ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तुला इथल्या लोकांचा फोन येईल. आवाज लोण्यासारखा असेल. पुढच्या फेरीला ताईंनी मंचावर यावं, पॅड न घातलेला कोट धाकटीनं त्यांच्या अंगावर चढवावा, असं त्यांचं ठरलंय. तुम्ही तयार आहात असं कळलंय, असं ते म्हणतील. तसं मी सांगितलंय. तुला न विचारता कागदावर सहीसुद्धा केली. तू आली नाहीस तर मी बाहेर, हे मला माहीत होतं, म्हणून केली.

तू स्पष्ट नाही म्हण. माझी काळजी करू नकोस, मला ओळखत नाही म्हटलंस तरी चालेल. एवढं लिहून पत्र संपवायला हवं होतं. पण इथे बसून सकाळपासून मी काय करते आहे सांगू? तू आलीस तर तुझ्यासाठी कोणतं कापड घ्यावं, याचा विचार करते आहे. मनातल्या मनात उजवी बाजू कापूनही झाली. तू यावंस असं मला अजून वाटतंय, ताई. झाल्याची लाज आहेच, पण याची त्याहून जास्त आहे.

भावोजींना नमस्कार सांगू नकोस, त्यांनी विचारलं तर मी बरी आहे म्हण. आशीर्वाद या वेळी मागत नाही.

तुझ्या अंगाला पहिली टाचणी जिला लावू दिलीस, ती,
धाकटी