पहिल्या नगाचा टिळा

१० नोव्हेंबर
सकाळी आमच्या शाफ्ट जोडाच्या दुकानात पाय टाकला अन् तंबाखू-खर्र्याची पिचकारी चपलेखाली. यांच्या मोठ्या भावाची. माझे भासरे. पुढं नुसतं भा. लिहीन, पूर्ण लिहाले हात होत नाही. फ्रिक्शन मशीनच्या मागचा कोपरा लाल करून ठेवला. पुसते कोण? मीच. शी.
थ्रेशरच्या शाफ्टचा नवीन लॉट लागला. बेअरिंग बसते त्या टोकाले कडक लोखंड, बाकी साधा दांडा, दोन्ही जोडाचे. पहिला नग देवाचा. त्याच खर्र्याच्या बोटानं भा.नं तेल-कुंकू घेतलं, दांड्याच्या कापलेल्या तोंडावर मधोमध टिळा लावला. मंग मशीनीत.

१२ नोव्हेंबर
घरचा धान उफणाचा पंखा बंद. शाफ्ट मोडला. पंख्याच्या शाफ्टच्या मागच्या लॉटचा पहिला नग होता. आमच्यात पहिला नग विकत नाही, घरच्या माणसाले देते.
दोन्ही तुकडे उचलून पाहले. कडेकडेनं चकचकीत. मधात काळा डाग. तिथं जोड धरलाच नव्हता. ती जागा ओळखली मी.
भा. म्हणे, "लोखंडच हलकं आलं."
"हलकं लोखंड, अन् डाग बरोबर तुमच्या बोटाएवढा?"
पहिले थुंकला, मंग उठून गेला.

१३ नोव्हेंबर
जेवताना यांना विचारलं, मशीन जोडते कशी? हे सांगाले लागले. एक दांडा गरगर फिरते, दुसरा त्यावर दाबते. घासून घासूनच लाल, ना रॉड ना गॅस. मऊ झालं का ब्रेक मारून फिरणं थांबवते, अन् जोरात दाब. मधातली घाण कॉलर होऊन भाईर येते. (ते कॉलर मीच तर ग्राइंडरनं काढते. वरून जोड कसा गुळगुळीत! आत काय आहे, कोणाले दिसते?)
पण तेल असलं त घासत नाही, सरकते. मशीन लावल्या टायमाले थांबते, तापो का न तापो. अन् दांड्याच्या मधोमध त फिरणं नसल्यासारखंच, ऊब तिथं शेवटी पोचते. टिळा नेमका तिथंच.
"मंग आतापर्यंत काऊन बोलले नाही?"
"दादाले कोण सांगन?"
भात तसाच ठेवून उठली. असा नवरा.

१४ नोव्हेंबर
यांना दोन जोड कराले लावले. एक टिळ्याचा, एक कोरा. व्हाइसमध्ये धरून घन मारला. कोरा वाकला, जोड नाही सुटला. टिळ्याचा टक्कन मोडला. मधात तसंच काळं.
भा. म्हणे, "बाईनं घन मारला, मोडनच ना."
"दुसराही बाईनंच मारला."
अन् तिथंच आठवलं. दिवाळीले थ्रेशरच्या लॉटचा पहिला नग पल्लवीकडे गेला. माझी पोरगी, तिरोड्याकडे दिली. त्यांच्या थ्रेशरले बसला तो. भा.नंच लाडानं लाल फडक्यात बांधून दिला. पेंढ्या पल्लवीच लावते, ड्रमच्या तोंडाशी उभी राहून. शाफ्ट मोडला अन् तिचे हात…
लिहीत नाही.
गिऱ्हाईकाले पक्का माल, पोरीले कच्चा. थू.

१५ नोव्हेंबर
फोन केला. पल्लवीच्या सासूनं घेतला. "पूजेचा नग काढा म्हणता? उद्या मळणी लागून राहिली, अन् असं अभद्र बोलता, इहीणबाई?" जवाई म्हणे, "मामी, हंगाम होऊ द्या." मागून पल्लवीचा आवाज, "राहू दे ना आई." राहू दे म्हणते! हात तुझेच ना वो माय?
यांना म्हणलं, नवीन शाफ्ट करा, आत्ता. थिनरनं दांड्याचं तोंड पुसून घेतलं, फडकं मी स्वतः पाहलं. तेवढ्यात भा. तेल-कुंकवाची वाटी घेऊन हजर.
"मशीनीले लावा, दाराले लावा, माझ्या कपाळाले लावा. जोडाच्या तोंडाले नाही."
"देवाले नाही म्हणून राहिली तू?"
"तुमच्या बोटाले."
हे खाली मान घालून. पण टिळ्याविना जोडला. तेवढं केलं.

१६ नोव्हेंबर
नवीन शाफ्ट बोरीत घालून एस.टी.नं पल्लवीकडे आली. थ्रेशर शेतात उभा, ट्रॅक्टर चालू कराच्या बेतात, पल्लवी पदर खोचून तोंडाशी. कोणाले काही विचारलं नाही. मी थ्रेशर फिरवाचा पट्टा काढला अन् बुडाखाली घेऊन बसली. इथंच बसून लिहून राहिली.
इहीण बोंबलून राहिली. "सोयरीक आहे का दुश्मनी? गावात तोंड काय दाखवू?" शेजारचे मजूर हासून राहिले. हासा. पल्लवी आली. पाणी आणलं, बाजूले ठेवलं, गेली.
जवाई आला, बोरीतला शाफ्ट हातात घेतला. जोडावरून बोट फिरवलं. म्हणे, "कुंकू नाही लावलं?"
"नाही. पाना आणा, जवाईबापू."
तो घराकडे गेला. पाना आणाले गेला का जुन्याच शाफ्टवर चढवाले दुसरा पट्टा, आला म्हणजे समजन. मी काही उठत नाही.