गवतावर बसा म्हणे!

शुक्रवार, धाहरान (सौदी अरेबिया)

कॉलेजचं एवढं मोठं स्टेडियम, आणि घरच्यांना बसायला गवताचा उतार! माझ्या गुडघ्यांना विचारलं कुणी? वाळवंटात पाणी पाजून वाढवलेलं ओलं गवत, मी आपली घसरतेच आहे.

हे म्हणाले, "अगं, पिकनिकला आल्यासारखं बस."

पिकनिकला आले होते का मी? पोरीची मॅच बघायला आले होते! त्या मेल्या ओल्या गवतावरून उठायला धडपडत होते, तेवढ्यात तिने गोल मारला. सगळे ओरडले. मला दिसली ह्यांची पाठ.

गाडीत पोरगी म्हणाली, "मम्मी, मेरा गोल देखा ना?"

"गवत बघितलं," म्हटलं.

बिचारीने खिडकीकडे तोंड फिरवलं. राग कॉलेजचा, निघाला पोरीवर.

पुढच्या मॅचला स्वयंपाकघरातलं स्टूल नेणार. अडवूनच बघा म्हणावं.