कॉम्प्युटरच्या डोळ्यांसाठी रजा आणि शनिवारचा लिलाव

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
पीक-आकडे विभाग, अकोला.

अर्जदार : चंपत आत्माराम गिऱ्हे, कॉम्प्युटर, पीक-आकडे कचेरी, वाशीम.

विषय : अर्जदार हा यंत्र नसून इसम असल्याने त्याचा लिलाव रद्द करून रजा मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, 'नादुरुस्त कॉम्प्युटरच्या भागांची माहिती पाठविणे'.

महोदय,

अर्जदार सविनय सादर करतो की,

१. अर्जदार मूळचा इंझोरीचा. हा मुलूख दुसऱ्या राज्यात जाण्याच्या कितीतरी आधीपासून तो या कचेरीत 'कॉम्प्युटर' या हुद्द्यावर आहे. कॉम्प्युटर म्हणजे गावोगावच्या कपाशी-ज्वारीच्या आकड्यांची बेरीज नि सरासरी काढणारा माणूस. राज्य बदलले तेव्हा कचेरीतील सामानाची यादी नव्याने झाली. कचेरीचे हेडक्लार्क बडेबाबू यांनी घाईत 'टेबल, कपाट, कॉम्प्युटर, घड्याळ' असे लिहून दिले, आणि तेव्हापासून अर्जदार सामानात आहे. सुरुवातीस सगळे हसले, अर्जदारही हसला. पुढे सामानावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकणे सुरू झाले. अर्जदाराने पाठ पुढे करण्यास नकार दिल्यामुळे त्याचा नंबर टोपीवर टाकण्यात आला.

२. यंदा अर्जदाराच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. १ कोणता नि ९ कोणता हे कळेनासे झाले. कारंजा येथे रविवारी नेत्रशिबिर आहे व ते वर्षातून एकदाच भरते. त्यासाठी रजा मागितली असता बडेबाबू म्हणाले, "सामानाले रजा कुठी असते चंपतराव? दुरुस्ती असते. तसा अर्ज करा." तसा केला. त्यावर आपले पत्र आले, की या यंत्रात कोणकोणते भाग आहेत, प्रत्येकाचे काम काय व बिघाड कशात आहे ते कळवावे.

३. नाइलाजास्तव कळविण्यात येते. आकडे आत घेणारा भाग म्हणजे डोळे, आणि बिघाड त्यातच आहे. सध्या शेजारी बसणारे कारकून किसनसिंग आकडे मोठ्याने वाचतात व ते कानांवाटे घेतले जातात. परंतु खिडकीत बडेबाबूंची भाजीवालीशी घासाघीस सुरू झाली की मेथीच्या जुड्याही मेडशी गावच्या कपाशीत मिसळतात. आठवण ठेवणारे भाग दोन आहेत. पाढे, पावकी, दिडकी ही डोक्यात असून ती लहानपणी छडीने भरलेली असल्याने पुसली जात नाहीत. चालू हिशेबापुरते आकडे पाटीवर राहतात आणि संध्याकाळी फडक्याने जातात. प्रत्यक्ष हिशेब करणारा भाग कवटीत आहे, तो कोणी उघडून पाहिलेला नाही. आधी कोणते गणित नि मग कोणते, हे ठरविणारा भागही तिथेच असावा, पण तो स्वतःकडे आहे असे बडेबाबू समजतात. उत्तर बाहेर देणारा भाग उजवा हात. यंत्रास शक्ती ज्वारीच्या भाकरीतून मिळते, आणि ते तापू नये म्हणून मानेवर ओला रुमाल असतो. हे सर्व भाग ज्या पाठीवर जोडलेले आहेत ती हल्ली फार दुखते. साहेब, अर्जदार थकला आहे. हे कोणत्या रकान्यात लिहावे ते त्यास समजले नाही.

४. त्यानंतर दुरुस्तीसाठी तेलाच्या इंजिनांचे मिस्त्री धनसिंग यांना बोलावले. ते पाना नि तेलाची बुधली घेऊन आले व मशीन कुठे आहे म्हणून विचारू लागले. बडेबाबूंनी अर्जदाराकडे बोट दाखविले. धनसिंग म्हणाले, "याले मी काय करू? हा त जिता मानूस हाय." तरी काहीतरी लिहून देणे भागच होते, म्हणून 'यंत्र खोलता येत नाही' असे बडेबाबूंनी लिहिले व धनसिंगांनी त्यावर अंगठा केला. त्यावरून अर्जदार निकामी ठरला असून येत्या शनिवारी मोडक्या खुर्च्यांसोबत त्याचा लिलाव ठेवला आहे.

५. किसनसिंगांनी हा हुकूम अर्जदाराच्या घरी वाचून दाखविला. अर्जदाराची पत्नी प्रयागबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "विका म्हना त्यायले. मी घेतो. मंग माह्या मानसाले कारंज्याले न्याले कोनाची रजा लागते तेच पाहातो." अर्जदारास आता तिचा चेहरा दिसत नाही, नुसता आवाज ओळखू येतो. हे शिबिर हुकले तर वर्षभरात आहे तेवढा उजेडही जाईल, याची त्यास फार भीती वाटते.

सबब नम्र विनंती की, अर्जदारास माणूस समजून रजा मंजूर व्हावी. ते नियमात बसत नसल्यास लिलाव कृपा करून रद्द करू नये. मात्र खुर्च्यांच्या आधी, सकाळी पहिला नग म्हणून अर्जदारासच काढावे, म्हणजे प्रयागबाईला त्याला घेऊन कारंज्याची मोटार गाठता येईल.

आपला नम्र व अद्याप न विकलेला,
चंपत आत्माराम गिऱ्हे

वाशीम, ता. ६ फेब्रुवारी १९५८

(मजकूर किसनसिंग यांच्या हातचा आहे, सही अर्जदाराची. ती रेघेवर नसल्यास क्षमा असावी.)