जात्यावरचं नाव

तीर्थरूप आईच्या पायांवर डोकं ठेवून बन्सी लिहितो,

तारापूरला बांधकामावर माझं बरं चाललंय, जेवण वेळेवर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

गावात गिरणी आली म्हणून आपला धाकटा झुंबर घरचं जातं काढून टाकतोय, असं कळलं. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही.

इथं रेडिओवर दिवसभर सिनेमाची गाणी लागतात. शेजारची नवसी पहाटे नागली दळताना गाते, ते कुणी लावत नाही. रेडिओवर गा म्हटलं तर हसली. म्हणाली, "जातं फिरलं नाय तं मला गानं येत नाय." तिच्या गाण्यात परगावी गेलेल्या भावाचं नाव असतं.

तुझ्या ओवीत माझं असायचं.

पीठ गिरणीतून आणा, गुडघ्याला आराम पडेल. पण जातं ठेव, मूठभर तरी दळ. झुंबरनं तुला पत्र वाचून दाखवताना हे गाळू नये. गिरणी काही माझं नाव घेणार नाही.

तुझा लेक,
बन्सी