कार्डाला मुदत नसते

प्रिय डॅड,

फोनवर विषय काढला की तू "आवाज तुटतोय गं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हा कागद. अक्षराला हसू नकोस, शाळेनेही त्याच्यापुढे हात टेकले होते. इथे की लार्गो बेटावर एक पेलिकन रोज आमच्या डायव्हिंगच्या बोटीवर येऊन माझ्या सँडविचवर हक्क सांगतो. त्याची गंमत लिहायला बसले होते, पण ते राहू दे.

आमची कॅप्टन इनेझ डायव्हरचं परवान्याचं कार्ड नंतर बघते, आधी माणूस बघते, तेही पार्किंगमध्ये. "मार्नी, पाण्यात काय होणार ते इथेच कळतं," म्हणते. सिलिंडर उचलताना कोणाला धाप लागते, कोण उगाच विनोद करतं, तब्येत विचारली की कोण चिडतं. आता मलाही कळायला लागलंय. गेल्या मंगळवारी एक गृहस्थ आले, तुझ्याच वयाचे, मिशीही तशीच. बोटीपर्यंत येताना मध्येच थांबून उगाच बुटाशी खेळत राहिले. इनेझ म्हणाली, "काका, आज वरूनच समुद्र बघा." ते हसले. "बाई, तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मी बुड्या मारतोय!" आणि शेजारच्या धक्क्यावरच्या बोटीत जाऊन बसले. त्या बोटवाल्यांनी नेलं. कार्ड खरं होतं, आणि कार्डाला मुदत नसते, तूच सांगायचास. ती बोट फार लवकर परत आली. त्यांची बायको धक्क्यावर कोरडा टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला लिंबू सरबत नेऊन दिलं. दुसरं काय देणार होते?

व्हर्ना आत्याने मला सगळं सांगितलंय. हृदयातले स्टेंट, डॉक्टरांनी डायव्हिंगला घातलेली बंदी, तळघराच्या पायऱ्यांवर तुझं मध्येच बसणं. आणि शनिवारी तू नि तुझा तो दोस्त लॉइड अल्पीनाजवळच्या त्या बुडालेल्या जहाजावर निघालायत. ह्युरॉन सरोवराच्या तळाचं पाणी किती गार, ते मी तुला काय सांगू? लॉइडला फोन केला, तर म्हणे, "तुझा बाप ऐकतो का कुणाचं? मी आहे ना!" त्याला स्वतःला जिना चढवत नाही. तिथला बोटवाला म्हणाला, कार्ड असेल तर नेणार. इतक्या लांबून मी आणखी कुणाच्या पाया पडू?

मी बारा वर्षांची असताना तू मला जुन्या खाणीच्या तळ्यात नेलंस, आठवतं? तळ दिसायच्या आत मी अंगठा वर केला. जोडीतल्या कुणीही तो केला की दुसऱ्याने लगेच वर निघायचं, कारण विचारायचं नाही, हे तूच शिकवलंस. तू विचारलं नाहीस. अजूनही नाही. पॅनकेक खायला नेलंस आणि माझ्यातलेही अर्धे खाल्लेस. डॅड, शनिवारी मी तुझ्याबरोबर पाण्यात नसेन, त्यामुळे माझा इशारा धरायचा की नाही ते तूच ठरवणार. पत्र तोवर पोचेल का, तेही मला माहीत नाही. तरी खाली चित्र काढलंय. बटाट्यासारखं दिसतंय, पण तो अंगठा आहे. वर केलेला.

अजूनही तुझ्या जोडीतली,
तुझीच मार्नी